कोंबड्यांना निर्माल्य टाकताय? आधी कण्हेर, रुई, धोतरा वेगळा करा

मुंबई उपनगर : उपनगर म्हटलं की टॉवर, मेट्रो आणि हायवेच डोळ्यांसमोर येतात. पण आरे कॉलनीतले आदिवासी पाडे, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या वस्त्या, गोराई, मनोरी, मढची गावठाणं आणि कोळीवाडे, भांडुप-मुलुंडच्या डोंगरकडेची घरं, इथे आजही पहाटे कोंबडा आरवतो. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला या तीन तालुक्यांच्या या जिल्ह्यात शेती जवळपास संपली, तरी परसातली कोंबडी टिकून आहे. केंद्र सरकारच्या कुक्कुट विकास संघटनेचं पश्चिम विभागाचं केंद्रही इथेच, आरेमध्ये आहे.

गावठी अंड्याला पोल्ट्रीच्या अंड्यापेक्षा जास्त भाव मिळतो. घरातल्या बाईच्या हातात रोजचे चार पैसे येतात ते बहुतेक वेळा याच अंड्यांतून. ज्यांच्याकडे आठ-दहाच कोंबड्या, त्यांच्या दोन-तीन अचानक मेल्या तर महिन्याचं गणित कोलमडतं. मग पहिला प्रश्न येतो, "काहीतरी वाईट खाल्लं असेल का?" कधी ते खरं असतं, कधी नसतं. म्हणून परसातलं, कुंपणावरचं, देव्हाऱ्यातलं आणि स्वयंपाकघरातलं काय कोंबडीला चालतं, काय चालत नाही, ते एकदा नीट समजून घेऊ.

कोंबडीला स्वतःला कळत नाही का?

बऱ्याच अंशी कळतं. माणसाच्या जिभेवर हजारो रुचिकलिका असतात, कोंबडीच्या तोंडात काहीशेच. तरीही कडू चव तिला समजते. मोकळी फिरणारी कोंबडी नवीन पान दिसलं की एक-दोन चोची मारते आणि आवडलं नाही तर सोडून देते. पिल्लांना काय टिपायचं ते आई दाखवते. दाणा चोचीत धरून, खाली टाकून, "टुक टुक" करून ती त्यांना बोलावते हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणूनच कण्हेरीच्या झाडाखाली वर्षानुवर्षं कोंबड्या फिरतात आणि त्यांना काही होत नाही.

गडबड होते ती तीन ठिकाणी. पहिलं म्हणजे कोंबड्या खुराड्यात किंवा जाळीत कोंडलेल्या असतात आणि आपण वरून हिरवं टाकतो. समोर दुसरं काहीच नाही, भूक लागलेली आहे, मग जे पडेल ते खाल्लं जातं. दुसरं म्हणजे छाटलेल्या फांद्या. पाला बारीक झाला, सुकला, दाण्यात मिसळला की कोंबडीला तो वेगळा काढता येत नाही. तिसरं म्हणजे विकत आणलेली पिल्लं. मशीनमध्ये उबवलेल्या पिल्लांना शिकवायला आई नसते, त्यामुळे ती कशालाही चोच मारतात.

थोडक्यात, परसात उभं असलेलं झाड सहसा कोंबडीला मारत नाही. धोका असतो तो आपण तोडून, आणून तिच्यापुढे टाकलेल्या पाल्याचा.

एकवीस पत्रींतच दोन्ही प्रकार

गणेशोत्सवात आपण गणपतीला एकवीस प्रकारची पत्री वाहतो. त्यात दूर्वा, तुळस, बेल, बोर असतात, तसेच धोतरा, रुई आणि कण्हेरही असतात. मारुतीच्या गळ्यात शनिवारी रुईच्या पानांची माळ घालतात. महादेवाला धोतऱ्याचं फूल आणि फळ वाहतात, पिवळी बिट्टीही वाहतात. देवाला वाहण्यात काहीच गैर नाही. पण दुसऱ्या दिवशी "वाया कशाला घालवायचं, कोंबड्या खातील" म्हणून ती परडी खुराड्यात रिकामी केली जाते, तिथे चूक होते.

कण्हेर : पांढरी, गुलाबी, लाल, कोणतीही असो. पान, फूल, साल, मूळ, सगळंच विषारी. हे विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं. पान सुकलं तरी विष जात नाही, त्यामुळे "वाळलंय, आता काय होतंय" असं समजू नका. ज्या पाण्यात कण्हेरीची फुलं ठेवली होती, ते पाणीही कोंबड्यांना पाजू नका.

बिट्टी (पिवळी कण्हेर) : हिचंही विष हृदयावरच चालतं. फळातली बी सगळ्यांत वाईट. अंगणात लहान मुलं या बियांशी खेळतात, त्यांनाही लांब ठेवा.

रुई : पांढरा चीक डोळ्यांत गेला तर आग होते, पोटात गेला तर जुलाब लागतात आणि हृदयावरही ताण येतो.

धोतरा : संपूर्ण झाड विषारी, त्यातही बिया जास्त. काटेरी बोंड फुटलं की बारीक बिया खाली सांडतात आणि दाण्यात मिसळल्या तर ओळखू येत नाहीत.

निर्माल्यातला दुसरा धोका पाल्यापेक्षाही जास्त वेळा दिसतो. हाराचा दोरा, प्लास्टिकचे मणी, टाचण्या, जरीच्या पट्ट्या, तेलात भिजलेल्या वाती आणि कापूर. दोरा गिळला की तो कोंबडीच्या गळ्याखालच्या पिशवीत गुंतून बसतो, पुढे दाणा सरकत नाही. कापूर तर स्वतःच विषारी आहे. बाजारातल्या हाराच्या फुलांवर औषध मारलेलं असू शकतं, काही फुलं रंगवलेलीही असतात. म्हणून बाजारातला हार कोंबड्यांना नकोच. घरच्या झाडाची जास्वंद, झेंडू, तुळस आणि दूर्वा खुशाल द्या.

कुंपणावरची छाटणी

पावसाळ्याच्या तोंडावर सोसायट्यांत, बंगल्यांत आणि रस्त्याच्या कडेला छाटणी निघते. हायवेच्या मधल्या पट्ट्यात लावलेली कण्हेर सगळ्यांच्या ओळखीची आहे. छाटलेला ढीग फुकट मिळतो म्हणून बकऱ्यांसाठी, कोंबड्यांसाठी उचलून आणला जातो. झाड ओळखल्याशिवाय हा ढीग घरी आणू नका.

मोगली एरंड गावाकडे कुंपणाला लावतात, कारण गुरं त्याला तोंड लावत नाहीत. गुरं का लावत नाहीत, ते समजून घ्या. त्याच्या बिया विषारी आहेत. गिरिपुष्प, ज्याला बरेच जण उंदीरमारी म्हणतात, त्याचा पाला रवंथ करणाऱ्या जनावरांना थोडाफार चालतो, पण कोंबडीचं पोट वेगळं असतं. नावातच उंदीर मारण्याचा उपयोग सांगितलाय, तो पाला खुराड्यात नको.

घाणेरी म्हणजे टणटणी. हिचा पाला खाऊन गुरांचं लिव्हर बिघडतं. कोंबडी सहसा शिवत नाही, तरी कापून टाकू नका. सुबाभळीचं थोडं वेगळं आहे. त्याच्या पाल्यात प्रथिनं चांगली असतात, बलकाला रंगही येतो, पण मिमोसिन नावाचा घटक वाढ खुंटवतो. रोजच्या खाण्यात वीस भागांत एक भाग, त्याच्या वर नको.

पावसाळ्यात आरे आणि राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला लाल-पिवळ्या फुलांची कळलावी उगवते. तिचा कंद सर्वांत विषारी. खुराड्याजवळ उगवली असेल तर हातात फडकं घेऊन कंदासकट काढून टाका. घरातल्या शोभेच्या कुंड्यांमध्ये डिफेनबॅकिया आणि मनीप्लँट असतात. त्यांच्या पानांत सुईसारखे बारीक खडे असतात, त्याने तोंड आणि घसा सुजतो. कच्चं अळू खाल्ल्यावर घशाला खाज सुटते, त्याचं कारणही तेच.

बियांकडे दुर्लक्ष नको

कोंबडी पानापेक्षा दाण्याकडे आधी धावते. आणि तिचा पेटा, म्हणजे आपण कलेजीसोबत शिजवतो तो भाग, खड्यांच्या मदतीने दाणा दळतो. म्हणजे बी कितीही टणक असली तरी ती फुटण्याची शक्यता असते.

लाल-काळी गुंज हे त्याचं चांगलं उदाहरण. सोनाराच्या तराजूत पूर्वी वापरत तीच. बी अखंड राहिली तर विष आतच राहतं, फुटली तर अतिशय जहाल. एरंडाच्या बीतही तसंच विष आहे. एरंडाच्या बाबतीत कोंबडी घोड्यापेक्षा कितीतरी जास्त सोसते, पण म्हणून प्रयोग करायची गरज नाही. जास्त काळजी घ्यायची ती एरंडी पेंडीची. कुंड्यांना आणि फुलझाडांना खत म्हणून ती घालतात. तिला खमंग वास असतो आणि कोंबड्या माती उकरून ती खातात. पेंड घातलेल्या कुंड्या जाळीने झाका आणि खताची पिशवी उंचावर ठेवा. कुत्र्यांनाही या पेंडीने विषबाधा होते.

पावसाळ्यानंतर रस्त्याच्या कडेला कासविंदा माजतो. टाकळ्यासारखाच दिसतो, शेंगा येतात. त्याच्या बिया दाण्यात मिसळल्या गेल्या तर कोंबड्यांचे स्नायू दुबळे होतात, पाय लटपटतात, वाढ थांबते. दाणा सुटा घेत असाल तर सुपात पाखडून, बघून घ्या.

खरकटं देताना

उपनगरातल्या कोंबड्या निम्म्या खरकट्यावरच जगतात. भात, चपातीचे तुकडे, भाजीची देठं, सगळं चालतं. पण हे टाळा :

- बटाट्याची हिरवी साल आणि कोंब. टोमॅटोची, वांग्याची पानंही नकोत. पिकलेला टोमॅटो चालतो.
- कच्चा किंवा नुसता भिजवलेला राजमा. चांगला उकडलेला असेल तर धोका जातो.
- अ‍ॅव्होकॅडो. हल्ली हॉटेलच्या आणि सोसायटीच्या ओल्या कचऱ्यात दिसायला लागलाय. त्याच्या सालीत, बीत आणि पानांत पक्ष्यांना बाधणारं पर्सिन असतं.
- चॉकलेट, चहा-कॉफीचा चोथा, लोणची, फरसाण, वेफर. खारट पदार्थ कोंबडीला झेपत नाहीत.
- बुरशी आलेला पाव, दाणे, मका किंवा शेंगदाण्याची पेंड.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले. आधी कुणालाच कारण कळेना. नंतर तपासात शेंगदाण्याच्या पेंडीवरच्या बुरशीचं विष सापडलं, तेच आज अफ्लाटॉक्सिन म्हणून ओळखलं जातं. मुंबईचा पावसाळा म्हणजे बुरशीला आमंत्रण. दाण्याची गोणी जमिनीवर नको, फळीवर ठेवा. वास कुबट आला, दाणे एकमेकांना चिकटले, तर ते टाकून द्या. शंभर रुपयांचा दाणा वाचवायला जाल आणि हजारांची कोंबडी घालवाल.

मिरचीची मात्र भीती नको. तिखटाची आग पक्ष्यांना जाणवतच नाही. मिरचीची देठं आणि बिया त्या आनंदाने खातात.

मग द्यायचं काय?

यादी मोठी आहे आणि बहुतेक गोष्टी घरातच आहेत.

पाला : शेवग्याची पानं, लाल आणि हिरवा माठ, मेथी, कोथिंबिरीची देठं, कोबी-फ्लॉवरची बाहेरची पानं, मुळ्याचा पाला, केना, हरळी, तुळस. पालक आणि घोळ कमी द्या, रोज नको. त्यातल्या ऑक्झॅलिक आम्लामुळे कॅल्शियम अंगी लागत नाही.

फुलं : जास्वंद आणि घरचा झेंडू. झेंडूच्या पाकळ्यांतल्या रंगद्रव्याने बलक पिवळाधमक होतो. पोल्ट्रीच्या खाद्यातही झेंडूचा अर्क याचसाठी वापरतात.

फळं : पिकलेली पपई, कलिंगडाची साल, भोपळा बियांसकट, काकडी, पेरू. सफरचंद द्यायचं तर बिया काढून.

अझोला : पाण्यावर तरंगणारी ही बारीक हिरवी वनस्पती जुन्या टबातही वाढते, जागा कमी लागते आणि प्रथिनं चांगली देते. फक्त टबात डासांच्या अळ्या होऊ देऊ नका.

शिंपले : गोराई, मनोरी, मढकडच्या वाचकांना हे सांगायची गरज नाही. शिंपल्या धुऊन, वाळवून, कुटून वेगळ्या भांड्यात ठेवा. अंड्याचं कवच पातळ पडत असेल तर फरक दिसतो.

प्रमाण लक्षात ठेवा. अंड्यावरची संकरित कोंबडी दिवसाला साधारण ११० ते १२० ग्रॅम खाते, गावठी त्याहून कमी. त्यात हिरव्याचा वाटा दहाव्या हिश्श्याच्या आसपास ठीक. मुख्य पोट दाण्यानेच भरलं पाहिजे. लांब गवत आणि देठं बोटभर कापून द्या, नाहीतर गळ्याखालच्या पिशवीत गोळा होतो. पेंढी बांधून खुराड्यात टांगली की ती खाली तुडवली जात नाही आणि कोंबड्यांना हवं तेवढंच ओढून खाता येतं. शिळा पाला संध्याकाळी काढून टाका.

पान की रोग?

एक कोंबडी मेली, बाकीच्या ठणठणीत आहेत, आणि आदल्या दिवशी काही नवीन टाकलं होतं, तर विषबाधेचा संशय रास्त आहे. पण दोन-तीन दिवसांत एकामागून एक मरायला लागल्या, तर पानाला दोष देत बसू नका.

हिरवट हगवण, तोंड उघडून श्वास, मान पिरगळणं, पाय लुळे पडणं, ही मानमोडीची लक्षणं आहेत. यालाच राणीखेत म्हणतात. त्यावर औषध नाही, लस आहे. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब आणि पुढे सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान दुसरी लस. परसातल्या कोंबड्या जास्तीत जास्त याच रोगाने जातात आणि नाव बदनाम होतं ते कुंपणावरच्या झाडाचं.

बर्ड फ्लूही विसरून चालणार नाही. देशात त्याची पहिली नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाली. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या, तेव्हाही तोच निघाला. त्याच महिन्यात मुंबईतल्या मेलेल्या कावळ्यांच्या नमुन्यांतही तो सापडला होता. म्हणून आजूबाजूला कावळे किंवा कबुतरं मरून पडत असतील आणि तुमच्या कोंबड्याही मरत असतील, तर मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, कापू नका, खाऊ तर अजिबात नका. लगेच कळवा.

संशय आला तर

- उरलेला पाला, खरकटं, दाणा तिथून हलवा आणि खुराडं झाडून घ्या.
- आजारी कोंबडी वेगळी करा. सावलीत, शांत जागी ठेवा, स्वच्छ पाणी द्या.
- तेल, दूध, मिठाचं पाणी घशात ओतू नका. ते फुप्फुसात जाऊन कोंबडी त्यानेच मरते.
- ज्या झाडाचा संशय आहे त्याची फांदी, पान-फूल-शेंगेसकट, पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. नुसतं नाव सांगण्यापेक्षा ते बरं, कारण एका झाडाला प्रत्येक पाड्यावर वेगळं नाव असतं.
- पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.
- कोंबडी मेली आणि कारण कळलं नाही, तर हातमोजे घालून ती दोन पिशव्यांत बांधा, बर्फात ठेवा, गोठवू मात्र नका. पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारून शवविच्छेदन करून घ्या. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून याच कामात आहे. उरलेल्या कोंबड्या वाचवायच्या तर कारण कळणं गरजेचं असतं.
- विषाने मेलेली कोंबडी शिजवून खाऊ नका. नाल्यात किंवा खाडीत टाकू नका. चुना टाकून खोल पुरा.

हे सगळं लक्षात ठेवणं अवघड वाटत असेल तर एकच सवय लावून घ्या. घरात दोन बादल्या ठेवा. एकीत कोंबड्यांचं, दुसरीत बाकी सगळं. ओळखीचं, धुतलेलं, दोरा-टाचणी नसलेलं जे असेल तेच पहिल्या बादलीत जाईल. कण्हेर, रुई, धोतरा, बिट्टी आणि ज्याचं नाव घरातल्या कुणालाच सांगता येत नाही असं प्रत्येक पान दुसऱ्या बादलीत. दुसऱ्या बादलीतला पाला झाकणाच्या खड्ड्यात कुजवला की झाडांना खत होतं. फक्त तो खड्डा कोंबड्यांना उकरता येणार नाही, एवढं बघा.